दालचिनीचे पक्षी, मिरीचे साप, झाडावरचे रेशीम: प्राचीन व्यापारी मालाच्या उगमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजारो मैलांवरून माल विकत घेणाऱ्यांना तो कुठून येतो हे कसे ठाऊक नव्हते?

घेणाऱ्याची गाठ पडे ती शेवटच्या व्यापाऱ्याशी. पिकवणारा त्याला कधी दिसत नसे. मलबारची मिरी मुझिरिस बंदरात जहाजावर चढे, मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या बेरेनिकेला उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कोप्टोसला पोचे, तिथून होडीने अलेक्झांड्रियाला आणि मग रोमला. प्रत्येक टप्प्यावर माल हात बदले. ‘कुठला माल?’ असे विचारले की विकणारा आपल्या मागच्या टप्प्याचे नाव सांगे, आणि त्यात तो खोटेही बोलत नसे.

दुसरे कारण मालाच्या रूपात आहे. दूरच्या बाजारात झाड, पान, फूल पोचतच नाही. पोचते ती सालीची नळी, वाळका दाणा, निळी वडी, पांढरा धागा. त्यावरून मूळ वस्तू ओळखायची म्हणजे अंदाज बांधायचा, आणि अंदाज बांधताना माणूस ओळखीच्या वस्तूचाच आधार घेतो. खाली दिलेले बहुतेक गैरसमज या दोन कारणांत बसतात.

रोमन जहाजे थेट भारतात येऊ लागल्यावर तरी चुका थांबल्या असतील?

काही थांबल्या, बऱ्याच टिकल्या. जहाज बंदराला लागे, मिरीचे वेल सह्याद्रीच्या ओल्या उतारांवर. मधला व्यवहार स्थानिक दलालांच्या हातात. परदेशी व्यापारी वारे उलटे वाहू लागेपर्यंत बंदरात थांबायचा, माल भरायचा आणि निघायचा. त्याचे लक्ष वजन, भाव आणि हवामान यांवर. वेल कसा दिसतो याची माहिती त्याला एक दिनारही (रोमन चांदीचे नाणे) जास्त मिळवून देणार नव्हती.

दालचिनीच्या पक्ष्यांची मूळ गोष्ट काय आहे?

ती हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. ५ व्या शतकात लिहिली. दालचिनी नेमकी कुठे उगवते हे अरबांनाही सांगता येत नाही, असे तो आधीच म्हणून ठेवतो. मोठे पक्षी तिच्या काड्या उचलून उभ्या कड्यांवर नेतात आणि चिखलाने लिंपून घरटी बांधतात, जिथे माणूस पोचू शकत नाही. मग अरब मेलेल्या बैलांचे, गाढवांचे मोठमोठे तुकडे करून घरट्यांखाली टाकतात आणि लांब जाऊन बसतात. पक्षी मांस वर नेतात, घरटी वजन न पेलून कोसळतात आणि लोक काड्या गोळा करतात.

त्याच ठिकाणी हिरोडोटस आणखी दोन मालांची माहिती देतो. दालचिनीचीच जाडी बहीण म्हणावी अशी कॅसिया म्हणे उथळ तळ्यात उगवते आणि तिथे वटवाघळांसारखे किंचाळणारे प्राणी अंगावर येतात, म्हणून डोळे सोडून सगळे अंग कातड्यात गुंडाळून जावे लागते. धूपाच्या झाडांभोवती रंगीबेरंगी पंखांचे छोटे साप असतात, त्यांना स्टोरॅक्स नावाच्या डिंकाचा धूर देऊन हाकलतात.

पुढे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राणिग्रंथात मांसाची युक्ती गेली आणि शिशाचे वजन बांधलेले बाण आले. घरटी बाणांनी पाडायची. पक्षी मात्र तसाच राहिला.

मग पुष्कळ शतके दालचिनी आफ्रिकेची का मानली गेली?

हा पक्ष्यांपेक्षा जास्त गंभीर गैरसमज आहे, कारण तो हुशार लोकांचा आहे. स्ट्रॅबोसारखा भूगोलकार आफ्रिकेच्या शिंगाच्या, म्हणजे आजच्या सोमालियाच्या भागाला ‘दालचिनी पिकवणारा देश’ म्हणतो. ‘पेरिप्लस’ हे इ.स. पहिल्या शतकातले समुद्रमार्गदर्शक एका अनुभवी व्यापाऱ्याच्या हातचे आहे, पण तेही सोमाली बंदरांतून कॅसिया निर्यात होते असे बिनदिक्कत नोंदवते.

सोमालियाच्या कोरड्या हवेत दालचिनीचे झाड जगत नाही. त्याला भरपूर पाऊस आणि दमट उष्णता लागते. म्हणजे माल बाहेरून येत असणार. गंमत अशी की हेच पेरिप्लस भरूच आणि आरियाके या पश्चिम भारतातल्या प्रदेशातून सोमाली बंदरांत काय येते याची यादी देते: तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड, उसाचा ‘मध’. त्या यादीत दालचिनी नाही. ग्रीक व्यापाऱ्याला ती सोमाली बंदरात विकत मिळत होती, म्हणून त्याच्या लेखी ती तिथलीच.

निसर्गावर मोठा ग्रंथ लिहिणारा रोमन लेखक प्लिनी इ.स. ७७ च्या सुमारास सांगतो की दालचिनी सुकाणू, वल्ही, शिडे काहीच नसलेल्या तराफ्यांवरून अफाट समुद्र ओलांडून येते आणि या फेरीला जवळजवळ पाच वर्षे लागतात. काही अभ्यासकांना यात आग्नेय आशियातल्या दर्यावर्दींची धूसर आठवण दिसते, इतरांना ते ताणलेले वाटते. आणखी एक वाद आहे: प्राचीन ग्रंथांतली दालचिनी आणि आपल्या डब्यातली दालचिनी एकच वनस्पती होती का, यावरही एकमत नाही. जुन्या मजकुरात ‘दालचिनी’ वाचताना हे ध्यानात ठेवावे.

झाडावरून दालचिनी प्रत्यक्षात कशी काढतात? आणि नळी बघून झाड का ओळखू येत नाही?

श्रीलंकेच्या पद्धतीत झाड वाढूच देत नाहीत. बुंध्याशी छाटतात, त्यातून फुटवे येतात आणि साधारण दोन वर्षांचे, अंगठ्याएवढे जाड झाले की कापतात. पावसानंतर, रस चढलेला असताना कापले तर साल सहज सुटते. कोरड्या दिवसांत कापले तर ती लाकडाला चिकटून राहते आणि तुकडे पडतात. मग चार कामे: बाहेरची खरबरीत साल खरवडणे, पितळी दांड्याने काडी घासून आतली साल सैल करणे, दोन उभ्या चिरा देऊन ती अखंड उतरवणे, आणि साली एकात एक बसवून पोकळीत बारीक तुकडे भरत सुमारे १०७ सेंटीमीटर लांबीची नळी करणे. वाळवण आधी सावलीत. थेट कडक उन्हात टाकली की नळी वाकडी होते.

बाजारात पोचते ती नळी म्हणजे एका कोवळ्या फुटव्याची आतली साल. तिच्यावर पान नाही, फूल नाही, बाहेरची सालही नाही. इकडून तिकडून उचललेल्या वाळक्या, पोकळ काडक्यांसारखी ती दिसते. घरट्याची कल्पना सुचायला एवढे पुरेसे होते.

गुपित राखण्यासाठी व्यापारी मुद्दाम थापा मारत होते, हे खरे ना?

हे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे आणि आमच्या मते त्याला वाजवीपेक्षा जास्त भाव मिळतो. ते पहिल्यांदा जोरात मांडले प्लिनीनेच. पक्ष्यांच्या आणि सापांच्या गोष्टी भाव चढवण्यासाठी रचल्या, असे तो लिहितो. काही वेळा तसे झालेही असेल. पण तोच प्लिनी धूपाचा हिशेब देतो तेव्हा दुसरे चित्र दिसते. दक्षिण अरबस्तानातून गाझापर्यंत ६५ मुक्काम. वाटेत पाणी, चारा, मुक्काम, जकात, पुजारी, राजाचे कारकून. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याला येईतो एका उंटामागे ६८८ दिनार खर्च. अलेक्झांड्रियातल्या धूपाच्या कारखान्यात कामगारांच्या कमरवस्त्राला मोहोर लावत, डोक्यावर जाळी घालायला लावत आणि घरी जाताना कपडे उतरवून तपासत. एवढा खर्च आणि एवढा पहारा असलेल्या मालाला महाग ठरायला सापांची गरज नव्हती.

शिवाय थाप टिकण्यासाठी प्रत्येक मध्यस्थाने तीच थाप सांगायला हवी. त्यापेक्षा प्रत्येकाला थोडेसेच माहीत होते आणि उरलेले त्याने ऐकीव गोष्टींनी भरून काढले, हे जास्त पटते. हिरोडोटसने तर पंखांच्या सापांची हाडे इजिप्तच्या सीमेवर ढिगांनी पाहिल्याचेही लिहिले आहे. त्याला कुणीतरी काहीतरी दाखवले असणार.

मिरी जंगल जाळल्यामुळे काळी होते, ही समजूत कुणाची?

स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर याची, इ.स. ७ वे शतक. मिरीच्या रानांवर साप राखण करतात, लोक रान पेटवून सापांना पळवतात, आगीत दाणे काळे पडतात, आणि मुळात मिरी पांढरी असते, असे त्याने नोंदवले. मध्ययुगीन युरोपात हे पुढे पुष्कळ उतरवले गेले. यात एक साधा पेच होता तो कुणाच्या लक्षात आला नाही: दरवर्षी रान जाळले तर पुढच्या वर्षी मिरी कुठून यायची?

काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची. फरक तोडणीच्या वेळेचा आणि नंतरच्या कामाचा.

काळ्यासाठी घड पूर्ण वाढलेला पण हिरवा असताना, एखादा दाणा पिवळा-लाल होऊ लागला की तोडतात. दाणे मोकळे करून उन्हात पसरतात. सालीतली विकरे (एन्झाइम) हवेशी मिळून तिला काळी करतात, दाणा आक्रसतो, सुरकुततो. वाळवण्याआधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले तर रंग एकसारखा येतो आणि वाळायला कमी दिवस लागतात. जास्त वेळ ठेवले तर विकरेच मरतात आणि दाणा तपकिरी राहतो. ओलावा १०–११ टक्क्यांवर आला की पोत्यात. त्याहून ओली भरली तर बुरशी.

पांढऱ्यासाठी दाणे लाल पिकू देतात, पोत्यात भरून ७ ते १० दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात, कुजलेली साल चोळून काढतात, धुऊन वाळवतात. पाणी साचलेले असेल आणि रोज बदलले नाही तर जो वास बसतो तो नंतर जात नाही. १०० किलो हिरव्या दाण्यांतून काळी साधारण ३३ किलो सुटते, १०० किलो पिकलेल्यांतून पांढरी २५ किलोच्या आसपास. पांढरी महाग का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

प्लिनीला पिंपळी आणि मिरी एकच का वाटली?

त्याच्या मते झाड एकच, दिसायला जुनिपरसारखे. शेंग उघडण्याआधी तोडली की पिंपळी, पिकून उकलली की पांढरी मिरी, उन्हाने करपली की काळी. भाव त्याने रोमन रत्तलाला, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅमला, असे दिले आहेत: पिंपळी १५ दिनार, पांढरी ७, काळी ४.

सुकी पिंपळी हातात घेऊन बघा. बारीक दाणे दाटीने चिकटलेली ती कणसासारखी वस्तू कोवळ्या शेंगेसारखीच दिसते. झाड न पाहिलेल्या माणसाने ‘ही कच्ची, ती पिकलेली’ म्हणणे अगदी तर्काला धरून होते. प्रत्यक्षात पिंपळी ही मिरीच्याच कुळातली वेगळी जात आहे. प्लिनीच्या आधी साडेतीनशे वर्षे थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिअभ्यासकाने गोल आणि लांब असे दोन प्रकार सांगून विषय तिथेच सोडला होता. कमी लिहिले म्हणून तो कमी चुकला. आणि प्लिनीच्या बाजूने एक नोंद: आले म्हणजे मिरीच्या झाडाचे मूळ, ही त्याच्या काळची समजूत त्याने चूक ठरवली.

रेशीम झाडावर उगवते असे रोमनांना का वाटले?

रोमन कवी व्हर्जिल लिहितो की सेरेस लोक पानांवरून मऊ लोकर विंचरून काढतात. प्लिनी त्यात पाणी मारून लव सोडवण्याची भर घालतो. ‘सेरेस’ म्हणजे रेशीम येते त्या पूर्वेकडच्या टोकाचे लोक, ज्यांना बहुतेक रोमनांनी कधी पाहिले नव्हते.

ही चूक समजण्यासारखी आहे. रोमनांना धाग्याचे दोनच उगम परिचयाचे होते: प्राणी आणि झाड. रेशमाला मेंढीच्या लोकरीसारखा वास नाही, कुरळेपणा नाही. कापूस झाडावर येतो हे तोवर माहीत झाले होते. मग रेशीमही झाडाचेच. खुद्द प्लिनीला कोस या ग्रीक बेटावरच्या रानकिड्यांच्या रेशमाची माहिती होती, ॲरिस्टॉटलपासून ती नोंद होती. पण ते जाड रेशीम आणि पूर्वेचा सळसळता धागा यांचा उगम एकाच प्रकारचा असेल ही कडी जुळली नाही.

ग्रीक प्रवासलेखक पॉसेनियस इ.स. २ ऱ्या शतकात खऱ्याच्या जवळ गेला. एक प्राणी आहे, लोक तो घरात पाळतात, हे त्याने बरोबर सांगितले. पुढे मात्र त्या प्राण्याला कोळ्यासारखे आठ पाय, चार वर्षे भरडधान्याचा खुराक, पाचव्या वर्षी हिरवा बोरू, आणि खाऊन खाऊन फुटल्यावर पोटात सापडणारा धागा!

खरे वेळापत्रक फार छोटे आहे. अळी २५ ते २८ दिवस तुतीची पाने खाते, चार वेळा कात टाकते, दोन-तीन दिवसांत कोष विणते. कोष उकळत्या पाण्यात टाकून डिंक सैल करतात (धाग्याच्या वजनात तो २० ते ३० टक्के असतो), टोक शोधून ५ ते ८ कोषांचे धागे एकत्र गुंडाळतात. एका कोषातून साधारण ६०० ते १५०० मीटर अखंड धागा निघतो. हे काम पतंग बाहेर पडण्याआधी उरकावे लागते. त्याने कोष फोडला की धागा तुटका, मग तो गुंडाळता येत नाही, कातावा लागतो.

‘झाडावरचे रेशीम’ अगदीच खोटे म्हणायचे का?

टसरच्या बाबतीत नाही. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात आणि कोष फांद्यांना फळांसारखे देठाने लटकतात. असे कोष दुरून पाहिलेल्या प्रवाशाने ‘झाडाला रेशीम लागते’ असे सांगितले तर त्याला दोष देता येणार नाही. रोमनांकडे जाणारा धागा मात्र तुतीवरच्या किड्याचा होता. ती किड्यांची अंडी इ.स. ५५२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याच्या दरबारी पोचली, असे त्याच काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो.

हिरोडोटसचे काही बरोबरही निघाले का?

हो, आणि तेच वाचताना जास्त मजा येते. भारतात रानटी झाडांना मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस लोकर लागते, हे त्याचे वाक्य. ग्रीक वाचकाला ते पक्ष्यांच्या घरट्यांइतकेच अचाट वाटले असेल, पण तो आपला कापूस.

दुसरे, लादन नावाचा सुगंधी डिंक बोकडांच्या दाढीत सापडतो. हे तर थापच वाटावी. पण क्रीट, सायप्रस भागातल्या चिकट पानांच्या सिस्टस झुडपांत शेळ्या चरतात, उन्हात पाझरलेला डिंक त्यांच्या केसांना चिकटतो, आणि लोक तो विंचरून काढत. क्रीटमध्ये यासाठी चामड्याच्या वाद्या लावलेले दाताळेही वापरत. भर उन्हात झुडपांवरून ते ओढायचे. सकाळच्या गारव्यात डिंक घट्ट असतो, हाती काही लागत नाही.

म्हणून विचित्र वाटते तेवढ्यावर नोंद खोटी ठरवू नये.

तमालपत्र पाण्यावर तरंगते, हे कुठून आले?

ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने लिहिले की मालाबाथ्रम, म्हणजे तमालपत्र, हे पान भारतातल्या दलदलीत मुळाशिवाय पाण्यावर पसरते आणि लोक ते गोळा करून दोऱ्यात ओवून वाळवतात. पेरिप्लसची हकीकत निराळी आहे. चीनच्या सीमेवर बुटके, रुंद चेहऱ्याचे लोक मोठ्या टोपल्या पाठीवर घेऊन येतात, काही दिवस सण करतात, पाने अंथरून झोपतात आणि निघून जातात. मागे राहिलेल्या पानांचे दुसरे लोक तीन प्रतींचे गोळे वळतात. ईशान्येकडच्या डोंगराळ व्यापाराचे काहीतरी खरे निरीक्षण त्यात असावे.

झाड हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्येपर्यंत होते आणि ते दालचिनीच्याच कुळातले आहे. युरोपी ‘बे’ पानापासून ते वेगळे ओळखायचे तर शिरा बघा. तमालपत्रात देठाजवळून तीन ठळक शिरा टोकाकडे जातात, बे पानात मधली एकच.

नीळ चिखलापासून बनते, असे प्लिनी का म्हणतो?

बोरूवरच्या फेसाला चिकटलेला गाळ, असे त्याचे वर्णन आहे. निळीचे काम पाहिलेल्या माणसाला हे शब्द ओळखीचे वाटतील. फुलोऱ्याआधी कापलेली झाडे हौदात १० ते १५ तास भिजवतात. ते पिवळट-हिरवे पाणी खालच्या हौदात सोडून दोन-तीन तास काठ्यांनी झोडपतात. हवा मिसळली की पाणी निळे होते, वर निळा फेस येतो, तळाला निळा गाळ बसतो. गाळ उकळून, कापडातून गाळून, दाबून वड्या पाडतात. भिजवण लांबले तर पाला सडून रंग हातचा जातो, आणि झोडपणे अपुरे राहिले तर रंग पाण्याबरोबर वाहून जातो.

फेस खरा होता आणि गाळही खरा. वाटेत हरवले ते झाड.

भेसळीची माहिती मात्र प्लिनीने चोख दिली आहे. पारव्यांची विष्ठा किंवा खडू रंगवून नीळ म्हणून विकत. पारख म्हणून निखाऱ्यावर टाकून बघायला तो सांगतो. अस्सल निळीची ज्वाळा जांभळी.

आणि साखर?

तो बोरूत साठणारा मध, पांढरा, डिंकासारखा, दाताखाली कुरकुरणारा, फार तर हेझलनटएवढा खडा, फक्त औषधासाठी. हे प्लिनीचे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने मधमाश्यांविना मध देणाऱ्या बोरूचा उल्लेख आधीच केला होता. यात चूक फारशी नाही. उकळून आटवण्याची पायरी तेवढी गळली आहे.

सोने उकरणाऱ्या मुंग्या ही ग्रीकांचीच कल्पना ना?

नाही, आणि हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. हिरोडोटसने कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्यांबद्दल लिहिले, मेगॅस्थेनिसने ते पुढे नेले. पण महाभारताच्या सभापर्वातही युधिष्ठिराला आलेल्या भेटींत मुंग्यांनी उकरलेले ‘पिपीलिक’ सोने आहे, द्रोणाच्या मापाने मोजून दिलेले. उत्तरेच्या डोंगराळ लोकांकडून ते आले. म्हणजे गोष्ट भारतातच प्रचलित होती आणि इराणमार्गे ग्रीकांकडे गेली. मिशेल पेसेल या फ्रेंच लेखकाने १९९६ मध्ये देवसाई पठारावरच्या मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांकडे बोट दाखवले. ते बिळे करताना सोनेरी माती वर काढतात. तर्क आकर्षक आहे, सर्वमान्य नाही.

हिऱ्यांच्या दरीची गोष्ट दालचिनीच्या गोष्टीसारखी का वाटते?

कारण युक्ती तीच आहे. खोल दरी, साप, वरून टाकलेले मांस, मांसाला चिकटलेली रत्ने, ते उचलणारे गरुड. एपिफेनियस या सायप्रसच्या बिशपने ती इ.स. ४ थ्या शतकात एका रत्नाबद्दल सांगितली, मार्को पोलोने १३ व्या शतकात आंध्रच्या हिऱ्यांबद्दल. माल बदलला, मांस आणि पक्षी तसेच राहिले. कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींत हिरे नदीच्या गाळाच्या थरातून खणून, धुऊन, वेचून काढत. ताज्या, गरम बोकडाच्या रक्तात हिरा मऊ पडून फुटतो, हे प्लिनीचे विधानही शतकानुशतके टिकले. हिरा असा खर्च करून खातरजमा करायची कुणाची तयारी असणार?

आपल्याकडच्या लोकांचे बाहेरच्या मालाबद्दल गैरसमज होते का?

होते. गरुडपुराणात रत्ने बल असुराच्या शरीरातून झाली: हाडांचे हिरे, दातांचे मोती, रक्ताची माणके, पित्ताचे पाचू. ती पुराणकथा म्हणून बाजूला ठेवली तरी पोवळ्याचे उदाहरण उरते. लाल पोवळे भूमध्य समुद्रातून भारतात येई. पेरिप्लसमध्ये भरूच आणि मलबारच्या आयातीत ते आहे. अर्थशास्त्रात पोवळ्याच्या एका जातीला ‘आलकन्दक’ म्हटले आहे आणि बरेच अभ्यासक ते अलेक्झांड्रियाशी जोडतात. ते बरोबर असेल तर आपण पोवळ्याला माल चढवायच्या बंदराचे नाव दिले, जसे ग्रीकांनी दालचिनीला सोमालियाचे. पोवळे समुद्रात मऊ झुडूप असते आणि बाहेर काढल्यावर दगड होते, असे प्लिनी सांगतो. तो प्राणी आहे हे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात दाखवले, आणि तेव्हाच्या पंडितांनी आधी ते नाकारले.

स्वाती नक्षत्राच्या थेंबाचा मोती होतो, ही समजूत फक्त आपली?

रोमनांचीही. प्लिनीच्या मते शिंपला दव पिऊन मोती धरतो, आणि आभाळ भरलेले असेल तर मोती फिका. मात्र आज शाळेत शिकवला जाणारा ‘वाळूचा कण’ही बहुधा खरा नाही. वाळू शिंपला सहज बाहेर टाकतो. नैसर्गिक मोती बहुतेक वेळा परजीवीमुळे किंवा इजेमुळे आवरणाचा पेशीसमूह आत ढकलला गेला की तयार होतो. मोत्यांच्या शेतीतही म्हणूनच मणी एकटा घालत नाहीत, त्याच्याबरोबर दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा तुकडा ठेवतात. तो नसेल तर मण्यावर मोत्याचा थर चढत नाही.

दर्याई नारळ समुद्राच्या तळाशी उगवतो असे का मानत?

हा प्राचीन नव्हे, पण याच जातीचा आणि गोव्याशी जोडलेला गैरसमज. साधूंच्या कमंडलूसाठी वापरला जाणारा हा जोडगोळ्याचा नारळ मालदीवच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येई. आसपास कुठेही त्याचे झाड नाही, म्हणून तो समुद्राखालच्या माडाचा. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ताने १५६३ साली तिथेच छापलेल्या ग्रंथात जुन्या ग्रीक-रोमन लेखकांच्या औषधी मालाबद्दलच्या अनेक चुका दुरुस्त केल्या. या नारळाबद्दल मात्र त्याने लोकांत चाललेलीच हकीकत दिली: मालदीव पूर्वी मोठ्या भूमीचा भाग होता, ती बुडाली, आणि पाण्याखाली राहिलेल्या माडांचे हे नारळ.

गुपित इतके टिकले ते फळाच्या वजनामुळे. ताजे बी २० किलोच्या आसपास भरू शकते आणि ते पाण्यात बुडते. आतला गर कुजून पोकळ झालेलेच तरंगते. म्हणजे किनाऱ्याला लागणारा प्रत्येक नारळ मेलेला, कुणी पेरला तरी अंकुर फुटणार नाही. १७६८ मध्ये फ्रेंच मोहिमेला सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर झाडे सापडली. लगेच जहाजे भरून नारळ भारतात आले आणि भाव कोसळला.

कल्याण, चौल, पैठण यांचा या व्यापारात काय वाटा?

पेरिप्लसमध्ये सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे आहेत. भरूचपासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तेरहून भरपूर साधे कापड गाड्यांवर लादून, वाईट रस्त्यांनी भरूचला जाई. तेरच्या कोष्ट्याचे कापड पश्चिमेकडे ‘भरूचचे’ म्हणून विकले गेले असणार.

जुन्या मजकुरातला माल नेमका कोणता, हे आज कसे ठरवतात?

उत्खननात सापडलेल्या वस्तूंवरून. बेरेनिकेच्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी मिळाली, इ.स. पहिल्या शतकातली. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांतही मिरीचे दाणे होते, म्हणजे इ.स.पू. १३ वे शतक. वर्णन आणि वस्तू जुळत नसतील तर वस्तूवर विश्वास ठेवावा.

तृणमणी (अंबर) हा गोठलेला सूर्यप्रकाश किंवा लिंक्स या रानमांजराचे मूत्र नाही, हे घरी तपासता येईल?

ग्रीकांनी हे दोन्ही सांगितले, शिवाय सूर्यकन्यांचे अश्रूही. प्लिनीने तो पाइनसारख्या झाडाचा चीक आहे हे बरोबर ओळखले, आत अडकलेले किडे त्याला पुरावा वाटले. स्फटिक म्हणजे कायमचा गोठलेला बर्फ, असे मात्र त्याच ग्रंथखंडात तो खात्रीने लिहितो.

तपासणीसाठी २०० मिली पाण्यात ५०–६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. तृणमणी साध्या पाण्यात बुडतो, या पाण्यात तरंगतो. काच आणि बरेचसे प्लास्टिक बुडते, पण पॉलिस्टायरीनही तरंगते. मणी धातूच्या जोडणीत बसवलेला असेल तर चाचणी निरुपयोगी. कोपाल हा तरुण डिंकही तरंगतो, तेव्हा न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाका: कोपाल चिकट होतो, तृणमणी होत नाही.